गालावरची टीट

माह्या डाव्या गालावर माह्याच मनगटाची कातडी हाय. दाढी करतो तवा अर्धी गालाची होते, अर्धी मनगटाची. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं गाल सडवला, डॉक्टरनं तो कापून फेकला, अन् भोकाले ठिगळ पायजे म्हणून हातावरची कातडी तिच्या रक्तनळीसकट काढली. ते नळी मानेतल्या नळीले जोडली, दुर्बिणीखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं. मी जठारपेठेत हार ओवून विकणारा माणूस, पण असली ओवणी बापजन्मी ऐकली नव्हती.

ऑपरेशन अमरावतीले झालं. डॉक्टर म्हणे, "कातडी गुलाबी राहिली तं जिंकलो. काळी पडली तं समजा नळी बंद, ठिगळ मेलं. मंग पुन्हा सगळं उघडा."

तवापासून मी त्या गालाचा नोकर झालो. बोलायचं नाई, मान हलवायची नाई, नाकात नळी. नर्सबाई घडीघडी येऊन गालाले पाहे, माह्याकडं ढुंकूनही नाई. आरसा मी मागितलाच नाई. घरी लहान पोरगी हाय. बापाचं थोबाड पाहून ते किंचाळत पळाली तं काय करू, हीच एक धडकी.

एका सकाळी जरा डोळा लागला होता. जाग आली ते नर्सबाईच्या ओरडण्यानं.

"अगं बाई! काळं पडलं!"

झाली पळापळ. डॉक्टर अर्ध्या चहावरून उठून आले, थेटर तयार ठेवा म्हणाले. बोलता येईना, म्हणून मनातल्या मनात खर्र्याले, खर्रेवाल्याले अन् सोबतीले डॉक्टरलेही शिव्या घातल्या.

डॉक्टरनं वाकून पाहिलं. मंग कापसानं डाग पुसला. कापूस काळा झाला, गाल गुलाबीच. सुई टोचली तं लालभडक थेंब वर आला.

"हे काजळ कोणी लावलं?"

खाटेपाशी माही माय उभी, डबी पदराखाली लपवून.

"म्या लावलं. काहून?"

"आई, हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात कुठी लावला? करंगळी लावली. भेटाले येनारा जो तो टक लावून पायते. लेकरू इतकं साजरं दिसून रायलं, नजर लागली अस्ती मंग?"

नर्सबाई तोंड फिरवून हसली. डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "पुढच्या टायमाले तळपायाले लावा, आई."

सुजलेलं, टाके घातलेलं, अर्धं मनगटाचं ते माहं थोबाड. अन् या बाईले भेव कशाचं, तं त्याले नजर लागंल! मले रडूच आलं राजेहो.

मायनं पदरानं माहे डोळे पुसले, गाल सोडून. म्हणे, "पोरीले आनाले सांगू काय रे?"

मान हलवायची नाई हे पार विसरून मी हो म्हणून जोरात मान हलवली, अन् नर्सबाई पुन्हा ओरडली.