फाटकावरचे अकरा पाहुणे

दिवाळी सरली की आमच्या पुण्याची माणसं कोकणात जातात. मी यंदा ज्येष्ठांची वसाहत बघायला भंडारा जिल्ह्यात गेले. स्वतःसाठी नव्हे, कुसुमताईसाठी. ताई माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. आम्ही दोघी मूळच्या नागपूरच्या. मी नोकरीपायी पुणेकर झाले, ती लग्न होऊन आंधळगावात गेली आणि बोलण्याचालण्यासकट तिथली झाली. भाऊजी गेल्यापासून ती एकटी, मुलं बंगळूरात. उन्हाळ्यात ती मोरीत पडली आणि दूधवाला येईपर्यंत तीन तास तशीच पडून होती. ते कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तीन दिवस वसाहतीत राहून बघायचं आणि निघताना हो की नाही ते सांगायचं, असं आमचं ठरलं.

भंडारा रोड स्टेशनावर ताई काठी टेकत उभी होती. तिथून रिक्षाने कोंढा गावाच्या बाजूला निघालो. दोन्ही हातांना बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), त्यांत कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या. ताईचं लक्ष वसाहतीकडे नव्हतंच. "या लोकायचं धान अजून बांधीतच हाये. पाणी आलं त का करतीन?" असं परक्याच्या शेताची काळजी करत ती वसाहतीच्या फाटकातून आत शिरली.

मला खोड काढायची सवय आहे, पण पहिल्या दिवशी माझी पंचाईत झाली. न्हाणीघरात धरायला दांडे, फरशी खरखरीत, कुठेही उंबरा नाही. उशाशी घंटी. ती मी मुद्दाम वाजवून बघितली, तर परिचारिका धावतच आली आणि मला ओशाळून पाणी मागावं लागलं. डॉक्टर एक दिवसाआड. संध्याकाळी ओट्यावर गप्पांचा फड. शेजारच्या खोलीत वनिताबाई, पवनीच्या निवृत्त शिक्षिका. पलीकडे दिघोरीचे धनराजभाऊ, मुलाला शेती सोपवून आलेले. त्यांनी पहिल्याच भेटीत ताईला विचारलं, "तुमच्याकडं धान कोणतं लावता जी?" मग तासभर मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोडी सापडू लागल्या. जेवण बाराच्या ठोक्याला. पोळ्या भरपूर आणि भात वाटीभर. भाताच्या मुलखात वाटीभर भात! ताईने वाटीकडे असं बघितलं की वाढणाऱ्या बाईंनी आपणहून दुसरी वाटी आणली. खोलीत चूल पेटवायची नाही, अंगणात काही लावायचं नाही. भिंतीवर नियमांचा फलक होता. तो मी वाचला, ताईने वाचला नाही.

तिथेच घोटाळा झाला. बाजूच्या गावची मंडई तिसऱ्या दिवशी होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. ज्या गावची मंडई, त्या गावच्या प्रत्येक घराने आपल्या सोयऱ्यांना जेवायला बोलवायचं, हा रिवाज. ताईच्या कानावर मंडई पडली मात्र, तिने फोन उचलला आणि नणंदेला, भाच्यांना, जावेच्या सुनेला आवतण देऊन टाकलं. मला पत्ताच नाही. खोली अजून घेतलेली नाही, आणि ही यजमानीण!

तिसऱ्या दिवशी साडेअकराला फाटकाशी काळीपिवळी (वडाप जीप) थांबली. तिच्यातून अकरा माणसं उतरली. सगळ्यांत पुढे ताईची नणंद, डोक्यावर वड्यांचा डबा.

व्यवस्थापक शेंडे धावत आले. पोरगेलासा, भला माणूस. "काकू, एका सदस्याले दोनच पाहुणे. ते बी आदल्या दिवशी कळवा लागते. फलकावर लिहून हाये."

"मंडईचा पाहुणा फाटकावरून वापस जाते का कुठं?" ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण काठी खोलीकडे वळली होती. "अशा जागी मले नाई राहाचं. चाल सुनंदा, पिशवी भर."

नियमही मला पटत होता. वयस्कर माणसांच्या ठिकाणी कोणीही उठून आत यावं का? आणि ताईही पटत होती. डोळ्यांसमोर मात्र ती मोरी दिसत होती.

तेवढ्यात वनिताबाई फाटकावरच्या वहीपाशी आल्या. "शेंडे, लिहा. हे दोघं माह्याकडं आले."

"तुमचे कोण लागते हे?"

"मंडईले आलेला मानूस कोणाचा बी पाहुणा असते."

मग धनराजभाऊंनी दोघांची नावं घातली. ओट्यावरची मंडळी एकेक करून उठली आणि अकराही जण कोणा ना कोणाचे सोयरे होऊन आत आले. शेंड्यांना सगळं कळत होतं, तरी ते गंभीर चेहऱ्याने लिहीत होते. शेवटी म्हणाले, "पुढच्या साली आधी सांगजा, काकू. भाताचं आंधण तरी ठेवता येते."

त्या दिवशी भात वाटीने कोणी मोजला नाही. भाताचं दुसरं पातेलं चढलं, वड्यांवर ज्येष्ठांनी पथ्य विसरून हात मारला, आणि दुपारी सगळे रमतगमत मंडईला गेले. मीही भजी खाल्ली आणि रात्री डॉक्टरांच्या गोळीची सोय अनुभवली.

निघायच्या सकाळी ताईने स्वतःच फॉर्म मागितला. मी आनंदाने शेजारी बसले. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या ओळीवर ती क्षणभर थांबली आणि तिने वनिताबाईंचं नाव लिहिलं. मुलांचं नाही, माझंही नाही. मला ते लागलं, आणि मी ते बोलून दाखवलं.

ताई हसली. "अवं, तू पुण्याहून येतवरी माहं का होईन? वनिता भिंतीपलीकडं हाये."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून ती ओळ माझ्यासाठी भरून बघितली. ताईचं नाव पहिलं सुचलं. ते तिच्याच हिशेबाने बाद. मग ताईची मुलं, तीही बंगळूरात. पुणं आलं तरी ओळ कोरीच होती. ताईची काळजी करायला गेलेल्या मला स्वतःची भीती वाटली, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ताईने दिलेल्या अनारशांची ताटली घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. सहा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. आतून "कोण?" असा आवाज आला, आणि मला माझं नाव सांगावं लागलं.