टाकीवरून सोडलेला चेंडू

अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. गुरुत्व त्वरण ९.८ हे पाठ झालं होतं, पण एका रविवारी मला ते स्वतः काढून बघायची खुमखुमी आली. आमचं गाव कडेगावजवळ. तोफखान्यातून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, गावच्या पाण्याच्या टाकीचं काम बघत, त्यामुळे टाकीची किल्ली घरातच. आईसुद्धा बघायला आली.

आबांनी वरून टेप सोडून मोजलं. कठड्यापासून जमिनीपर्यंत बरोबर बारा मीटर.

"सोडू का?"

"सोडा!"

मी मोबाइलचं स्टॉपवॉच दाबलं. क्रिकेटचा चेंडू धप्पकन पडला. १.३९ सेकंद. चेंडू नुसता सोडलेला, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. अंतराची दुप्पट चोवीस. तिला वेळेच्या वर्गाने भागलं. उत्तर १२.४! माझं तोंड एवढंसं झालं.

आई म्हणाली, "चेंडू सुटतोय, मग तुझं बोट हलतंय. मी बघत होते की. येळ कमी भरला."

खरंच! वेळ कमी, म्हणून त्वरण जास्त. मग आबांनी दुसरा चेंडू सोडला आणि मी लांब उभी राहून, अख्खी टाकी दिसेल असा व्हिडिओ काढला. सेकंदाला तीस चित्रं. चेंडू सुटल्यापासून टेकेपर्यंत आम्ही दोघींनी एकेक चित्र सरकवत मोजलं. सत्तेचाळीस! वेळ म्हणजे सत्तेचाळीस भागिले तीस. वहीवर आकडे मांडले.

९.७८.

"आलं! आबा, आलं!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

आबा भराभर खाली आले. वहीकडे बघत राहिले.

"आमी तक्ता बघून तोफ लावायचो. त्यातलं आकडं येत्यात कुठनं, कवा इचारलंच न्हाई. परत मांड पोरी, सावकाश."

मी मांडलं. मग त्यांनी पेन हिसकावून घेतलं, जमिनीवर फतकल मारली आणि सगळा भागाकार स्वतः केला. त्यांचंही ९.७८ आलं, तेव्हा मांडीवर थाप मारून म्हणाले, "लय भारी!"

आईने पदर खोचला. "आवं, चेंडू द्या हिकडं. आता मी चढणार."

लग्नाला वीस वर्षं झाली होती, ती कधी टाकीवर गेली नव्हती. आबा तिच्या मागोमाग चढले. तिने चेंडू सोडला, मी चित्रं मोजू लागले, आणि ती कठड्यावरून वाकून एकसारखी विचारत होती, "माझं किती आलं गं? सांग की, माझं किती आलं?"