चोवीस नंबरची इवालू

आतुआतने एकच चूक केली, पण तसली चूक आमच्या उत्तर टोकाच्या बर्फाळ किनाऱ्यावरचंच माणूस करू जाणे. शिकारी संघाच्या कचेरीत बसून ती उपग्रहाकडून आलेल्या पांढऱ्या अस्वलांच्या जागा रोज नकाशावर ठिपक्यांनी मांडायची. दक्षिणेकडच्या संशोधकांनी एका मादीच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि तिला नुसतं 'चोवीस' म्हणून सोडून दिलं. जित्या जिवाला आकडा? आतुआतला ते बघवेना. तिने मादीला आपल्या मेलेल्या आईचं नाव देऊन टाकलं: इवालू.

मेलेल्याचं नाव दिलं की मेलेलं माणूस त्यात राहायला येतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण भाचीला मूल होईना आणि नाव दोन वर्षं बेवारस पडलेलं. आता भाचीचे, सिकिनिकचे, दिवस भरत आले होते.

त्या वर्षी नोव्हेंबर अर्धा सरला तरी समुद्र गोठेना. बर्फ नाही तर सील नाही, सील नाही तर अस्वल उपाशी. चोवीस किनाऱ्याने चालू लागली. पहिला ठिपका आईच्या मासेमारीच्या तळ्यावर. मग वडील बुडाले त्या टोकावर. मग आईच्या जुन्या तंबूच्या दगडी रिंगणात. तिथून ती दोन दिवस हलली नाही.

"आत्या, पाहुणी तुझ्याकडेच निघालीय. चहा टाक!" अस्वलांवर पहारा ठेवणारा तुलुगाक हसला.

"तोंड आवर. अस्वलांना सगळं ऐकू जातं."

"जाऊ दे. गावात शिरली तर गोळी घालीन. उपाशी अस्वल फटाक्यांना भीत नाही."

नाव अस्वलाबरोबर मेलं, तर बाळाला काय द्यायचं?

दुपारी ठिपका गावच्या थडग्यांपाशी उमटला.

"मी सांगेपर्यंत बंदूक उचलायची नाही," आतुआतने तुलुगाकला बजावलं आणि पुढे झाली.

मादी आईच्याच थडग्याला टेकून बसली होती. बरगड्या वर आलेल्या, पट्टा गळ्यात लोंबणारा. वारा अगदी पडला होता. तिने मान कलती करून पाहिलं. आई अशीच बघायची.

"आई, माझं चुकलं," आतुआत म्हणाली. "नाव परत दे आणि जा. इथे पोरं खेळतात गं."

मादी सावकाश उठली आणि आल्या वाटेने निघून गेली. तुलुगाकला तर बंदूक हातात आहे याचाही विसर पडला होता.

संध्याकाळी सिकिनिकला मुलगी झाली. आतुआतने तिच्या कानात 'इवालू' म्हटलं. दुसऱ्या सकाळी पडद्यावर चोवीसचा ठिपका नव्हता. तिसऱ्याही नाही. बॅटरी गेली असेल, असं संशोधकांनी कळवलं.

पुढे महिन्याभराने समुद्र गोठला. पोर रडत नसे. खिडकीकडे तोंड करून पडून राही, मान कलती. आमच्यात बाळाला ज्याचं नाव दिलं त्याच्याच नात्याने हाक मारतात, तशी आतुआत तिच्यावर वाकून विचारी,

"आई, त्या मादीला कुठे सोडून आलीस?"