डोळेवाल्या बाई आणि घुबडांची जोडी

सव्वीस वर्षांत बाईंनी एक प्रश्न पेशंटला कधी म्हणून विचारला नव्हता: "जुळतोय का?"

तो विचारायचाच नसतो. बाई खोटे डोळे बनवायच्या. अपघातात नाहीतर आजारात एक डोळा गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खोबणीत बसेल असा, उरलेल्या डोळ्याची अगदी जोडी शोभेल असा. महिन्यातून दोनदा त्यांची संस्था त्यांना रंगांची पेटी देऊन कुठल्या तरी परगावच्या हॉस्पिटलात पाठवायची. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "पेशंटला विचारलंस तर याद राख! वर्षानुवर्षं तोंड लपवून फिरलेला माणूस तो. तू हिरवी गोटी बसवलीस तरी 'मस्त' म्हणेल. जुळतंय की नाही ते आपण ठरवायचं."

आणि आज सकाळी, परक्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, बाईंनी विचारलं.

समोर बसला होता एक सलूनवाला. पंचेचाळिशीचा, कोरीव मिशीचा, बोलायला लागला की समोरच्याला दम खाऊ देणार नाही असा. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती मिटलेली पापणी.

"बाई, ह्यानं डोळा मारता येईल ना हो?"

"मारा की. पण जुन्याच डोळ्यानं मारा. नवा अजून साधा आहे."

"घ्या! म्हणजे बायकोनं आधीच फोन केला वाटतं तुम्हाला!"

हसता हसता बाईंनी रंगवलेली बुबुळाची चकती चिमट्यात धरली. कोरडी चकती फसवते. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला की खरा रंग उघडा पडतो. बाईंनी थेंब सोडला, चकती त्याच्या चांगल्या डोळ्याशेजारी धरली आणि पाहिलं. दोन्ही बुबुळं सारखी.

पण चार महिने झाले, बाईंना सगळीच बुबुळं सारखी दिसत होती.

डोळ्यामागचा पडदा झिजत चाललाय, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशन नाही, थेंब नाहीत, चष्मा नाही. आधी रंग जातील, मग अक्षरं. ते ऐकून बाई घरी आल्या, कपाटातली जुनी वही काढली आणि वहीवर काम रेटायला लागल्या. तपकिरी नऊ नंबर, त्यात काळा दोन टिपके, कडेला राखाडी. ट्यूबवर नंबर असतातच. बरेच दौरे रजा काढून पुढे ढकलले, तरी असे तीन डोळे खपले. कोणी काही बोललं नाही. पण दर वेळी डोळा पेशंटच्या हातात ठेवताना बाईंचं धाबं दणाणायचं.

आज मात्र वहीतलं कुठलं पान ह्या माणसाचं, हेच त्यांना ठरवता येईना. अंदाजानं नऊ नंबर घेतला. आणि मग निसटलंच तोंडातून.

"जुळतोय का?"

सलूनवाला आरशावर वाकला. एक क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "झकास! बाई, तोड नाही तुमच्या हाताला."

त्या एका क्षणानं बाईंचं डोकं पोखरायला घेतलं. जो माणूस श्वास घ्यायला थांबत नाही, तो थांबला कशाला?

चकती पांढऱ्या प्लास्टिकसकट साच्यात गेली, साचा आवळला, उकळत्या पाण्यात बसला. आता चार वाजेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. घाईनं उघडला तर डोळ्याला चीर जाते. बाई स्टुलावर बसून भांड्याकडे बघत राहिल्या.

"असं बघत बसलात म्हणून लवकर शिजणार आहे का ते?" सिस्टर म्हणाल्या. "समोर प्राण्यांचं म्युझियम आहे, जाऊन या जरा. चेहरा बघा केवढासा झालाय!"

म्युझियमच्या पायऱ्यांवरच ताईचा फोन आला. घरात हे डोळ्यांचं एकट्या थोरल्या बहिणीलाच ठाऊक होतं.

"सांगितलंस का तुझ्या साहेबांना?"

"नाही."

"कधी सांगणार आहेस? एखाद्याच्या तोंडावर वाकडातिकडा डोळा बसवल्यावर?"

"ताई, मी दुसरं काय करू शकते ते सांग. एक काम सांग. मला बटाटे सोलण्यापलीकडे काही येत नाही."

"बटाटेही जाडच सोलतेस तू," ताई म्हणाली. "अगं, मी आहे ना."

बाईंनी फोन ठेवून दिला. 'मी आहे ना' हेच त्यांना नको होतं.

आत गारवा होता, डांबरगोळ्यांचा वास होता. काचेआड हरणं, कोल्हे, एक रानडुक्कर. बाईंची नजर सवयीनं थेट डोळ्यांवर जायची. कोल्ह्याचे डोळे फार पुढे आलेले. हरणाचे छान, पापणीत नीट बुडवलेले. कोणा चांगल्या कारागिराचं काम. घडण अजून कळतेय, एवढ्यावर त्यांना जरा धीर आला. वाटलं, आपण उगाच घाबरतोय. थकवा असेल.

पक्ष्यांच्या दालनात खुर्चीवर एक गार्डबाई बसल्या होत्या, स्वेटर विणत. कंटाळलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळाल्यासारख्या त्या उठल्या.

"ओ ताई, घुबडं बघितलीत का आमची? या, या. सांगा बघू, ह्या दोघांतलं फसलेलं कुठलं?"

एका फांदीवर दोन घुबडं. बाई वाकल्या.

"म्हणजे काय फसलेलं?"

"बघा ना! ज्यानं भुसा भरला, त्याच्याकडचे डोळे संपले म्हणे. मग एकाला भलत्याच रंगाचे लावले. आल्यागेल्या सगळ्यांना विचारते मी. आजवर कोणी चुकलं नाही."

बाईंनी डावं पाहिलं. उजवं पाहिलं. चार गोल, गढूळ डोळे. त्या पुढे झाल्या, मागे झाल्या. मान तिरकी करून कडेच्या नजरेनं पाहिलं. कधी कधी कडेनं काही हाती लागायचं. काहीच नाही.

"लाजताय काय? सोप्पंय!"

"डावं," बाई म्हणाल्या. दोनातलं एक तर बरोबर येईलच.

मागून एक चिमुरडी खिदळली. "बाबा, त्या काकू चुकल्या! उजवं आहे ना? त्याचे डोळे हिरवेगार, दुसऱ्याचे पिवळे!"

"असं मोठ्यांना हसू नये," बाप पुटपुटला, पण हसू त्यालाही आवरेना.

"अहो, चष्मा विसरलात की काय?" गार्डबाईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "विसरले." आणि तिथून सुटल्या त्या सरळ बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. पिवळं आणि हिरवं. शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. मग तपकिरीच्या पोटातला लाल, हिरवा, राखाडी आपल्याला कुठून दिसणार होता? आणि आधीचे ते तीन डोळे? ती माणसं कुठे असतील, कुठल्या आरशासमोर? रस्ता ओलांडताना त्यांनी दोन सिग्नल नुसतेच जाऊ दिले.

चार वाजता त्यांनी साचा उघडला. डोळा निघाला, गरम, चकचकीत. सलूनवाला सोमवारचे बेत सांगत होता. सोमवारी चष्मा काढून दुकानात उभा राहणार, तशी पाटीच लावलीय. आठ महिने काळ्या चष्म्यात दाढी करतोय, लोक वस्तरा बघून कान झाकतात.

"एक विचारते," बाई मधेच म्हणाल्या. "खरं सांगा. सकाळी आरशात बघताना थांबलात का तुम्ही?"

"मी? छे."

"थांबलात. माझी शपथ... नाही, शपथ राहू द्या. मी तुम्हाला सांगते. मला रंग दिसत नाहीत. चार महिने झाले. आता तुम्ही सांगा."

त्यानं साच्यातून निघालेल्या डोळ्याकडे एकदा पाहिलं. सिस्टर हातातली कापसाची गुंडाळी ठेवून जवळ आल्या.

"हिरवट होता," तो हळूच म्हणाला. "जरासा शेवाळासारखा. मला वाटलं, ओला आहे म्हणून असेल. तुम्ही एवढ्या मोठ्या, मी काय बोलणार?"

बाईंनी घासायच्या चाकाचं बटण दाबलं.

"अहो, थांबा! काय करताय?"

"पुढचा थर उडवते. हा द्यायचा नाही."

"चालेल मला! हिरवट तर हिरवट. लांबून कोणाला कळतंय?" त्यानं बाईंचं मनगट धरलं. "पाया पडतो, द्या तो. आठ महिने झाले हो."

"दिवसभर आरशासमोर उभे असता तुम्ही. रोज तोच दिसेल. आणि मग वाटेल, हेच आपलं तोंड." त्यांनी मनगट सोडवून घेतलं. "माझ्या हातून नाही."

चाक किरकिरलं. पांढरी भुकटी उडाली, बुबुळ गेलं. तो खुर्चीत बसला आणि तोंड भिंतीकडे केलं.

बाईंनी साहेबांना फोन लावला.

"सर, इथला डोळा बिघडला. माझ्याकडून. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, ह्याच आठवड्यात, ह्यांना आधी घ्या. आणि आधीच्या तिघांनाही परत बोलवा."

"बाई, तब्येत बरी आहे ना? तुमच्याकडून कसा बिघडेल?"

"मला रंग दिसत नाहीत, सर."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "पुढच्या महिन्यात अकरा पेशंट आहेत तुमच्याकडे."

"माहिताय."

"मग तुम्ही काय करणार?"

बाईंनी फोन ठेवला. रंगांची पेटी बंद करायला घेतली तर कडी लागेना. सिस्टरांनी येऊन लावून दिली.

सलूनवाल्यानं काळा चष्मा चढवला. दारापर्यंत गेला, परत वळला.

"सोमवारी लोकं विचारतील. काय सांगू त्यांना?"

"सांगा, डोळे बनवणाऱ्या बाईलाच दिसत नव्हतं."

"कोण विश्वास ठेवेल हो ह्यावर?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "माझाही बसत नाहीये."