न दिलेली हाळी

सातविणीच्या वाडीत बेचाळीस उंबरे. पोलादपूरहून वर चढणारा डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून दगडी पायऱ्यांची पाखाडी सुरू होते, आणि पाखाडीच्या दोन्ही अंगांना ही घरं. या घरांना अडतीस वर्षं चांगू हाळी देत आला. गावकीची बैठक असो, नळाचा पाइप फुटलेला असो नाहीतर कुणाचं मयत झालेलं असो, चांगूने खालच्या घरापासून सुरुवात करायची, प्रत्येक दारात थांबायचं, निरोप खणखणीत सांगायचा आणि आतून ‘व्हय’ आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. काम बापाचं, त्याआधी आजाचं. मोबदला म्हणाल तर शिमग्याला पंचांच्या पाठोपाठ हातात पडणारा मानाचा नारळ. माणूस अंगाने काडी, पण आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचा गुराखी मान वळवून बघे.

या आवाजाने त्याने वाईटही पुष्कळ सांगितलं होतं. पण तेव्हा ते वाईट वाटत नसे, हे आधी सांगायला हवं. गावकीचा शब्द कुणी मोडला की पंच बसत आणि त्या घराला वाळीत टाकत. मग चांगू दारोदार सांगत जाई, अमक्याचं आग-पाणी बंद, बोलेल त्याला दंड. ज्याचं आग-पाणी बंद झालं त्याच्या दारातही तो थांबे आणि त्यालाही तेच सांगे. चंद्रभागा नावाच्या बाईला असंच टाकलं होतं. तिच्या शेळ्या देवराईत शिरल्या आणि दंड भरायला ती तयार झाली नाही, एवढंच कारण. तीन वर्षं तिच्याशी कुणी बोललं नाही. ती विहिरीवर आली की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला होत. शेवटी तिने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं, गावाने तिला पदरात घेतलं, आणि ती बातमी चांगूने हसत हसत घरोघरी पोचवली. शाळेचे गुरुजी तिला वाळीत टाकलं त्या बैठकीला हजर होते. त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढे सरकारने याविरुद्ध कायदा केला. कुठल्याशा गावच्या पंचांना पोलिसांनी गाडीत घालून नेल्याचं वाडीत कळलं आणि वाळीत टाकणं बंद झालं. निदान सगळे तसं समजत होते.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावकीने आपला उमेदवार ठरवला, बिनविरोध निवडून द्यायचं ठरवलं, आणि मोरूच्या सुनेने, सरिताने, अर्ज भरला. सरिता विधवा. बचत गटाच्या बायका तिला मानत. सासरा मोरू अर्धांगाने खाटेला खिळलेला, त्याचं सगळं तीच करी. ती एकोणीस मतांनी पडली, पण गावकीचा शब्द मोडला तो मोडलाच.

गावकीचा अध्यक्ष राजेंद्र मुंबईला गोदीत नोकरी करून निवृत्त होऊन आलेला. कायदा त्याने वाचला होता. त्याने बैठक बोलावली नाही, ठराव केला नाही. एका सकाळी पाखाडीवर चांगूला गाठलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चांगूदा, हाळी नेहमीसारखीच द्यायची. फक्त मोरूच्या दारात थांबू नको."

"का रे?"

"का म्हणून विचारू नको, आणि कुणाला काही सांगू पण नको. कुणी काही बोललंच नाही, तर केस कसली करणार?"

मोरू आणि चांगू एका वयाचे. एकाच रानात गवत कापलं, एकाच दगडावर विळे पाजळले. मोरूचं घर पाखाडीवर सतरावं. त्या दिवशीपासून सोळाव्या घरानंतर चांगू थेट अठराव्या घरासमोर थांबू लागला. मधली वीस-पंचवीस पावलं तो खाली बघून चाले. खाटेवरून मोरू त्याला बघे, कारण दार दिवसभर उघडंच असे. पहिल्या वेळी त्याने आतून ‘व्हय’ म्हटलं. पुढच्या वेळी नाही.

वाडीचे कान तयार होते. तिसऱ्या हाळीपर्यंत सगळ्यांना उमजलं. सरिता दुकानात गेली की साखर संपलेली असे. गिरणीचा पट्टा नेमका तुटलेला असे. पोलादपूरला जाणाऱ्या जीपमध्ये जागा नसे. तिला वेडंवाकडं कुणी बोललं नाही, कारण तिच्याशी कुणी बोललंच नाही.

गेल्या आषाढात मोरू गेला. आठ दिवस पाऊस तुटून पडत होता. अशा दिवसांत मयत झालं की चांगूची हाळी ऐकून प्रत्येक घरातून पडवीत रचलेली सुकी लाकडं निघतात, घरटी दोन-दोन, तेव्हा कुठे सरण रचलं जातं. एका घराच्या लाकडांनी पावसाळ्यात माणूस जळत नाही. सकाळी आठच्या सुमाराला सरिता चांगूच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर काही घेतलं नव्हतं.

"काका, बाबा गेले. हाळी द्या."

चांगूने घोंगडी घेतली, काठी घेतली आणि तो निघाला. गेला मात्र राजेंद्रकडे. राजेंद्र चहा पीत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मला कशाला विचारतोस? मी तुला कधी नको म्हटलंय? तुझं तू बघ बाबा."

चांगू पाखाडीच्या पायथ्याला आला. पहिल्या घराचं दार उघडं होतं आणि घरधनी पडवीत उभा राहून त्याच्याचकडे बघत होता. पलीकडच्या घरात कुणीतरी लाकडांवरचं प्लास्टिक अर्धवट बाजूला सारलेलं दिसत होतं. सरिताचा आकांत सगळ्या वाडीने ऐकला होता. आता वाडी थांबली होती ती हाळीसाठी. एक शब्द निघाला असता तर माणसं आली असती, सगळी नाही तरी दहा-बारा. चांगूने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो मागे फिरला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

दुपारी दोनला सरिताचा भाऊ महाडहून टेंपो घेऊन आला, सोबत तीन माणसं. चौघांनी मोरूला ताडपत्रीत गुंडाळून पाखाडीवरून खाली उतरवलं, सोळा घरांच्या पडव्यांसमोरून. गावची स्मशानभूमी मोरूच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याला अग्नी मिळाला महाडला, अनोळखी माणसांत.

बारा दिवस झाल्यावर सरिताने पोलिसांत तक्रार दिली. पाच पंच आणि सहावा चांगू असे आरोपी झाले. पंचांनी वकील दिला तो सहा जणांचा मिळून. वकील खुशीत होता. त्याचं म्हणणं, कागद नाही, बैठक नाही, कुणाच्या तोंडचा शब्द नाही, केस उभी राहतेच कुठे? न्यायाधीश मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का, तेव्हा सगळ्यांनी ‘नाही’ म्हणायचं. एकच शब्द. चांगूकडून त्याने तो तीनदा म्हणून घेतला.

चांगूच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलेलं. मांडव गावकीचा, भांडी गावकीची, वाढायला माणसं गावकीची. ‘नाही’ म्हटलं तर हे सगळं उभं राहणार होतं, आणि दुसरं काही म्हटलं तर काय होणार हे चांगूइतकं वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तारखेच्या आदल्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने, गीताबाईने, ताट उचलता उचलता एवढंच म्हटलं, "अवो, जन्मभर दुसऱ्याचं सांगत आलात. आता तुमचं काय सांगायचंय ते तरी ठरवा."

महाडच्या कोर्टात सहाही जण ओळीने उभे राहिले. मॅडमनी आरोप वाचून दाखवला, मराठीत, सावकाश. राजेंद्र ‘नाही’ म्हणाला. त्याच्यामागून चार पंच ‘नाही’ म्हणाले.

"हाय," चांगू म्हणाला.

वकील उठला. म्हातारा माणूस आहे, प्रश्न कळलेला नाही, ऐकायलाही कमी येतं, असं तो सांगू लागला.

"ऐकू येतंय," चांगू म्हणाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मॅडमनी चांगूला नीट विचार करायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारीन, म्हणाल्या.

बाहेर राजेंद्रने त्याला भिंतीशी घेतलं. त्याचा आवाज चढला नाही. "तू केलंस काय, ते तरी सांगता येईल का तुला? रस्त्याने चाललास. चालणं गुन्हा आहे? एका दारात थांबला नाहीस. अरे, मी तर कुणाच्याच दारात थांबत नाही." बाकीचे पंच हसले. मग त्याने चांगूच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावून दिली. "वैशाखात लग्न आहे ना पोरीचं? की इथंच लावतोस, कोर्टात?"

चांगू तिथून निघाला. सरिता पायऱ्यांच्या कडेला बसून डब्यातली भाकरी खात होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं ते त्याने जुळवून आणलं होतं, पण तिच्या पुढ्यात तेवढं टिकलं नाही.

"सरिता, मी सांगणार हाय गो. सगळं."

तिने तोंडातला घास संपवला. "सांगा."

"तुझ्यासाठी…"

"माझ्यासाठी नको, काका." तिने डब्याचं झाकण लावलं. "तक्रारीत पहिलं नाव मी तुमचंच लिहिलं होतं. पोलीस म्हणाले, पंचांची आधी लिहा. मी म्हटलं, पंचांनी काय केलं ते मला दिसलं नाही. तुम्ही दारावरून गेलात ते रोज दिसलं. बाबांनाही दिसलं. दर वेळी म्हणायचे, आज थांबेल बघ."

सरिता नळावर हात धुवायला गेली, आणि चांगू पुकारा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

सुट्टीनंतर मॅडमनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दंड होऊ शकतो, वेगळा वकील हवा असेल तर सरकार देईल. चांगू म्हणाला, वकील द्यायचा तर द्या, पण कबूल हाय.

"काय कबूल आहे?"

"मोरूच्या दारात थांबू नको म्हणून मला राजेंद्रनं सांगितलं. मी थांबलो नाय. पन मयताच्या दिवशी मला कोनी नको म्हटलं नव्हतं, मॅडम. लोक दारात उभं राहून माझी वाट बघत व्हते. मी पयल्या घरापास्नं मागं फिरलो. राजेंद्रनं नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्यावर ढकललं असतं."

वकील हरकत घेत होता. राजेंद्र समोरच्या भिंतीकडे बघत होता. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी चांगूला जरा सावकाश सांगायला सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता मागे वळून पाहिलं. सरिताची जागा रिकामी होती. साडेतीनच्या पोलादपूर गाडीने ती निघून गेली होती.