बोर्डाच्या फॉर्मवरचा फोटो

“लडकों की लाइन में क्या कर रही है तू?”

प्रिन्सिपल मॅडमनी कॉलर धरून मला ओढलं आणि गळ्यातली टाय सर्रकन काढून घेतली. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो काढायला माणूस आला होता. शाळेच्या व्हरांड्यात दोन रांगा. मुलगे टाय लावून. मुली दोन वेण्या घालून, दुपट्टा पिनांनी बसवून. मी मुलगी म्हणून जन्मलो होतो. आदल्या दिवशी आईच्या कात्रीनं वेण्या कापल्या, मित्राचा शर्ट आणि टाय मागून आणली. वाटलं, फोटोवाला बाहेरचा, त्याला काय कळणार!

आणि खरंच नाही कळलं. “बेटा, टाई सीधी करो,” म्हणाला तो मला. काय सांगू, पंधरा वर्षांत तेवढा आनंद मला झाला नव्हता. तो बटण दाबणार, तेवढ्यात मॅडम आल्या.

ऑफिसात खिळ्याला एक दुपट्टा कायम टांगलेला असायचा, विसरून येणाऱ्या मुलींसाठी. तो मागवला. दोन्ही रांगांसमोर माझ्या शर्टावर घालून पिना टोचल्या. एक खांद्यातच गेली. एका कारखानदाराचा पोरगा ओरडला, “मैडम, पहले चेक तो कर लो!” सगळे फिदीफिदी हसले. मॅडमही हसल्या. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच, खाली मान घातलेला माझा फोटो निघाला.

दोन दिवसांनी फॉर्मवर चिकटवायला फोटो हातात दिले. चार प्रती. मी चारही फाडले.

बाबांना बोलावणं आलं. आम्ही नागपूरकडचे. बाबा दिल्लीत सरकारी ऑफिसात. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला, घरात केबल आली, मला या नव्या इंग्रजी शाळेत घातलं. बाबांना वाटायचं, आता आपण पोचलो.

मॅडम त्यांना म्हणाल्या, “इतनी अच्छी जगह आ गए हैं आप लोग, तो अब निभाना भी सीखिए.” बसा म्हणाल्या नाहीत. आणि माझ्या बाबांनी हात जोडले. “गलती हो गई मैडम, बच्ची है.”

मला मॅडमचा आला नसेल एवढा राग बाबांचा आला.

कारण गावच्या शाळेत बाबांना माठाला शिवू देत नसत. वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचे. एक दिवस बाबांनी ओंजळ मागे घेतली आणि तहानलेलेच वर्गात जाऊन बसले. हे आम्ही त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

परत येताना स्कूटरवर ते म्हणाले, “एका फोटोनं काय बिघडतं गं? परीक्षा दे, मग बघू.”

मी मागून म्हणालो, “एका घोटानं काय बिघडणार होतं, बाबा? तुम्ही का नाही प्यायलात?”

यमुनेच्या पुलावर त्यांनी स्कूटर बाजूला घेतली.

“ते वेगळं होतं,” म्हणाले.

“कसं वेगळं?”

त्यांनी स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मार्केटमधल्या स्टुडिओत गेलो. आखूड केस, शर्ट, टाय, नजर समोर. तो फोटो फॉर्मवर चिकटवला, खाली सही केली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला.

“यह फॉर्म नहीं जाएगा. साल बर्बाद होगा तेरा.”

“होने दीजिए,” मी म्हणालो.

फॉर्म गेला नाही. वर्ष गेलं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. सोसायटीतल्या बायका मला बघून दारं ओढून घ्यायच्या. पुढच्या वर्षी मी बाहेरून परीक्षेला बसलो, तोच फोटो लावून.

ते प्रवेशपत्र अजून माझ्याकडे आहे. फोटो माझा, सही माझी. फक्त शेजारच्या एका रकान्यात अजून मॅडमचंच म्हणणं छापलेलं आहे. स्त्री.

तेही मी खोडणार आहे. हात न जोडता.