बर्फात खोदायला मनाई

बर्फाला सीमा माहीत नसते, असं निमंत्रणावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. खाली बारीक टाइपात सूचना होती: सिंगापूरच्या सभागृहात एसी फार असतो, स्वेटर आणावा.

सियाचीनवरून भारत-पाकिस्तानचं सैन्य उतरवून तिथे संरक्षित शांतता उद्यान करायचं, यावर दोन दिवसांचा परिसंवाद होता. मी वार्ताहर. सिंगापुरात क्लेमेंटी भागात चुलतभावाच्या फ्लॅटवर उतरलो. भाऊ जहाजावर होता. सकाळी सुनीता वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली.

"भावोजी, एवढंच विचारा. सगळे खाली उतरले की प्रकाशला कोण शोधणार?"

प्रकाश त्यांचा धाकटा भाऊ, सैन्यात जवान. तीन वर्षांपूर्वी सियाचीनवर हिमकड्याखाली गेला, सापडला नाही. साताऱ्यात आई अजून त्याचे दिवस करू देत नाही. वहिनींनी त्याचा फोटो माझ्या खिशात घातला.

पहिल्या दिवशी, नकाशा कोणाचा लावायचा यावर दुपार झाली. शेवटी पडदा कोराच ठेवला आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवून बोलले.

दुसऱ्या सकाळी जपलेला निसर्ग दाखवायला आम्हाला पुलाउ उबीन बेटावर नेलं. दोन्हीकडच्या निवृत्त अधिकाऱ्यांना वेगळी बमबोट (लहान प्रवासी होडी) हवी होती. म्हातारा नावाडी हलेना.

"ट्वेल्व्ह पीपल, देन गो, लाह!"

ते पाच, हे पाच आणि मी. भाजीची पिशवी घेऊन एक मावशी चढल्या, तेव्हा होडी सुटली.

बेटावरच्या जुन्या दगडखाणीत हिरवं पाणी साचलं होतं, काठावर बगळे. तिथे मी आपल्या ब्रिगेडियरसाहेबांना फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"जाहीरनाम्याच्या मसुद्यात रॉकेलची पिंपं आहेत, तोफगोळे आहेत, पत्रे आहेत. हे सगळं खाली आणायचंय."

"आणि गाडलेली माणसं?"

पलीकडचे कर्नल मागेच उभे होते. "हमारे भी हैं," ते म्हणाले. "पण उद्यानात खोदायला मनाई आहे," ब्रिगेडियर म्हणाले.

दुपारी दोघांनी मिळून गाडलेल्यांसाठी खोदायची सवलत मागितली. शोधाच्या नावाखाली समोरचा खंदक खणेल, असं दोन्हीकडच्या उरलेल्यांना वाटलं.

संध्याकाळी वहिनी दारातच होत्या. "विचारलंत?"

"विचारलं." मी फोटो परत दिला.

"आईला काय सांगू?"

मी बूट काढत राहिलो.

परतीच्या विमानात जाहीरनामा वाचला. सैन्य कधी उतरणार, हे पुढल्या बैठकीवर ढकललं होतं. एकमताने एकच कलम मंजूर झालं होतं. खोदायला मनाईचं.